पश्चिमेची भिंत

अकोल्यातला मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर. घरमालक काकांची तक्रार एकच: "दुपारी तं बरं असते भाऊ, रात्री अकरानंतर एसी काई थांबतच नाई." मेकॅनिकने गॅस भरून दिला, बिल होतं तेवढंच.

ऊर्जा-तपासणीच्या कामात अशी तक्रार आली की मी यंत्राआधी घराच्या दिशा बघतो. बेडरूम तळमजल्यावर, वर आणखी एक मजला, म्हणजे स्लॅबला ऊन नाही. पश्चिमेला मात्र नऊ इंची विटांची भिंत. समोर ना झाड, ना पडवी.

संध्याकाळी पाचला इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. भिंत बाहेरून ५४ अंश, आतून ३६. "बघा, भिंत तं चांगली हाये," काका म्हणाले. मी रात्रीपर्यंत थांबू का, असं विचारलं. अकराला, एसी लावण्याआधी, तीच भिंत बाहेरून ३५ वर उतरली होती आणि आतून ४० वर चढली होती. काकांनी तळहात टेकवून पाहिला आणि काकूंना हाक मारली.

नऊ इंची विटेतून उष्णतेची लाट आत पोचायला साधारण सात-आठ तास लागतात. दुपारी चारचं ऊन मध्यरात्री पलंगाशी येतं. गावाकडच्या दोन फुटी मातीच्या भिंतीत हीच लाट वाटेत जवळजवळ विरून जाते. काकांना ते घर आठवलं. "मंग आतून अजून चार इंची भिंत बांधू का?"

मी ठामपणे नको म्हटलं. लाट आणखी तीन-साडेतीन तास उशिरा आणि सौम्य होऊन आली असती, पण चोवीस तासांत आत येणारी एकूण उष्णता थोडीच घटली असती. वर एसीला त्या जादा विटाही गार कराव्या लागल्या असत्या.

फक्त रात्री वापरायच्या खोलीला उष्णतारोधक थर आतून लावला तर ती झटकन गार होते, हे खरं. पण इथे वीज जाते, आणि तेव्हा गार झालेल्या विटाच खोली सांभाळतात. म्हणून थर बाहेरून दिला: दोन इंची थर्माकोल, त्यावर जाळी, गिलावा आणि पांढरा रंग.

पावसाआधी काम उरकलं. कॉम्प्रेसर आता रात्री मध्ये मध्ये थांबतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने लगेच त्याच्या खोलीचं विचारलं. तिथे आधी स्लॅब, मग भिंत, असा क्रम मी त्याला लिहून दिला.