पिस्ता ते बाटली हिरवा: रेशमी अनारकली घरी रंगवताना

पाणी तापवायच्या आधी काडेपेटी काढली. शिवणीच्या आत सोडलेल्या कापडातून एकेक दोरा ओढून जाळून पाहिला. वरच्या कापडाचा दोरा सावकाश जळला, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली: रेशीम. अस्तराचा दोरा वितळून त्याचा कडक मणी झाला: पॉलिस्टर. शिलाईचा दोराही तसलाच. म्हणजे ॲसिड डायमध्ये (व्हिनेगरसारख्या आंबटाच्या मदतीने रेशमावर बसणाऱ्या रंगात) फक्त रेशीम रंगणार. पॉलिस्टरला डिस्पर्स नावाचा वेगळा रंग आणि खळखळती उकळी लागते. त्या उकळीत रेशमाची चमक जाते. दोघांचं एका गंजात (मोठ्या पातेल्यात) जमत नाही, म्हणून अस्तर उसवून बाजूला ठेवलं. गोटापट्टीही काढली, ती व्हिनेगरने काळवंडू शकते.

रंग निवडताना जुना रंग जमेस धरावा लागतो. पिस्त्यावर निळा टाकला तर तो हिरवटच दिसतो, लाल टाकला तर मातकट होतो. गर्द हिरव्याला मात्र पिस्ता आड येत नाही.

अस्तराविना कोरडा ड्रेस ६०० ग्रॅम भरला. पाणी तीसपट, म्हणजे १८ लिटर. रंग वजनाच्या ३ टक्के, म्हणजे १८ ग्रॅम. पांढरं व्हिनेगर २५० मिली. गंज ३० लिटरचा, स्टीलचाच. ॲल्युमिनियमला व्हिनेगर खातं. (तो गंज पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचा नाही.) बोअरचं पाणी टाळलं. जड पाण्यात साबणाचा साका कापडावर बसतो आणि तिथे रंग नीट धरत नाही. नळाच्या पाण्यात रिठ्याने धुऊन ड्रेस ओलाच ठेवला, कारण कोरडं कापड सगळीकडे सारखं भिजत नाही आणि रंगही मग कमीजास्त बसतो.

रंगाची भुकटी गरम पाण्यात कालवून मलमलीतून दोनदा गाळली. न विरघळलेला एक कण राहिला तरी कापडावर गर्द ठिपका उमटतो, आणि तो निघत नाही.

४० अंशांना ड्रेस सोडला आणि अर्ध्या तासात हळूहळू ८५ वर नेला. व्हिनेगर त्यानंतर, तीन हप्त्यांत, दहा-दहा मिनिटांनी. दर वेळी ड्रेस काठीवर उचलून धरायचा. एकदम ओतलं तर रंग समोर येईल त्या घडीवर तुटून पडतो. खरी मेहनत घेराची. कळ्यांत, म्हणजे घेराच्या उभ्या तुकड्यांत, हवा अडकून कापडाचे फुगे वर येतात. ते दाबून बुडवत राहिलं नाही तर तिथे फिके चट्टे पडतात. शेवटच्या व्हिनेगरनंतर ४० मिनिटं हेच चालू होतं. पळीत घेतलेलं पाणी जवळपास नितळ दिसलं तेव्हा गॅस बंद केला. ड्रेस गंजातच निवू दिला, मग खळाळून धुतला.

ओला रंग एक-दोन छटा गर्द दिसतो. म्हणून आधी शिवणीतली एक पट्टी रंगवून, इस्त्रीने वाळवून पाहिली होती; तिच्यावर विसंबून जास्तीचा रंग टाकला नाही. वाळवला खोलीत, उलटा करून. नागपुरातलं एप्रिलचं ऊन गच्चीवर टाकलेल्या रेशमाला सोसत नाही.

गळ्याची वरची शिलाई अपेक्षेप्रमाणे पिस्ताच राहिली. ड्रेस घेऊन गांधीबागेच्या कापडबाजारात गेले, त्याच्याशी जुळवून दोरा आणला आणि तेवढीच शिलाई पुन्हा घातली. काखेत घाम आणि डिओ मुरलेल्या जागी रंग फिकट बसला आहे. हात वर केला तर दिसतो.