गेटवर जमाव, पुरवठा सुरळीत

एकतीस वर्षं सबस्टेशनला शिफ्ट केली. वीज, रेल्वे, पाइपलाइन यांना संरक्षण हवं, हे मला कुणी पटवून द्यायला नको. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला तर नवा यायला महिनोन्‌महिने लागतात.

म्हणूनच मेटकाफ डोक्यातून जात नाही. कॅलिफोर्नियातलं हे सबस्टेशन. १६ एप्रिल २०१३च्या मध्यरात्रीनंतर कुणीतरी आधी जवळच्या फायबर केबल तोडल्या, मग रायफलीतून शंभरावर गोळ्या झाडल्या. ट्रान्सफॉर्मर थंड ठेवणारं तेल वाहून गेलं, तापमान चढलं, १७ ट्रान्सफॉर्मर निकामी. वीज दुसऱ्या मार्गाने फिरवली म्हणून अंधार टळला. (त्या रात्रीच्या ऑपरेटरला मनोमन सलाम ठोकलाय मी.) आणि गोळ्या आल्या त्या कुंपणाच्या बाहेरून! आत कुणी पाऊलही टाकलं नव्हतं.

त्यानंतरचे कायदे मात्र बघा. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने २०१८ साली पाइपलाइन ‘महत्त्वाच्या यंत्रणे’त घातली, तिच्या आवारात विनापरवाना शिरलात तर पाच वर्षांपर्यंत कैद. तिथल्याच ओक्लाहोमाने २०१७ मध्ये अशा गुन्ह्याच्या कटात सामील संघटनेला दसपट दंड ठेवला. कॅनडातल्या अल्बर्टाचा कायदा २०२०चा, वेट्सुवेटेन या मूलनिवासी समाजाच्या प्रमुखांच्या समर्थकांनी गॅस पाइपलाइनविरोधात रेल्वे अडवल्यानंतरचा. त्यात आत शिरणं, मोडतोड आणि नुसती अडवणूक, तिन्ही एकाच माळेत. पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद, आणि प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा. ‘महामार्गा’च्या व्याख्येत फुटपाथ आणि रस्त्याकडेचा चरसुद्धा येतो.

आम्हाला प्रोटेक्शनचा पहिला धडा असा होता, की दोष जिथे असेल तेवढाच भाग तुटला पाहिजे. रिले म्हणजे दोष दिसला की वीज तोडायला लावणारं उपकरण. रिलेचं सेटिंग फार खाली ठेवलं तर मोटर सुरू होतानाच्या करंटलाही ती फॉल्ट समजते आणि धडधाकट फीडर, म्हणजे वीज पुढे नेणारी वाहिनी, ट्रिप करते. मोडतोड आणि अनधिकृत प्रवेश यांना शिक्षा आधीपासून होतीच. नव्या कायद्यांच्या सेटिंगमध्ये पकडला जातो तो फलक घेऊन उभा राहिलेला माणूस. मेटकाफचा बंदूकवाला अजून सापडलेला नाही.

मी संतच होतो असं नाही. एकदा तीन रात्री अंधारात काढलेले चाळीसेक लोक आमच्या गेटवर ठाण मांडून बसले. रिलिव्हर आत येऊ शकला नाही, मला डबल शिफ्ट पडली. तेव्हा कुणी असला कायदा हातात दिला असता तर मी तो आनंदाने वापरला असता. तेवढ्यात एक आजी गेटच्या जाळीतून म्हणाली, “दादा, तुझ्याकडे लाइट आहे का रे?”

माझ्या डोक्यावर दोन ट्यूब जळत होत्या.

दोन तासांनी वरिष्ठ आले, लेखी दिलं, लोक उठून गेले. एका बोल्टलाही कुणी हात लावला नव्हता. लॉगबुकात मी लिहिलं: ‘गेटवर जमाव. पुरवठा सुरळीत.’ मग ‘सुरळीत’ खोडून काढलं.