मंगळवारची इंग्रजी

मंगळवार, रात्री साडेदहा

आज वेरूळची लेणी बंद. लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारखीला हाच वार सगळ्यात जास्त इंग्रजी बोलायला लावतो. लांबलांबून माणसं येतात, हाताशी एकच दिवस असतो, आणि गेट बंद दिसलं की सामानासकट थेट आमच्याकडे. सकाळी एक वयस्कर स्पॅनिश जोडपं आलं. बाईंचा चेहरा अगदी उतरला होता. आधी पाणी दिलं, मग म्हणाले, "आय ॲम सो सॉरी, द केव्ह्ज आर क्लोज्ड ऑन ट्यूजडेज." घृष्णेश्वराचं मंदिर जवळच आहे, ते बघता येईल हे सांगितलं. अजिंठ्याची सुट्टी सोमवारी असते, म्हणजे तिथं आज जाता येईल. पण ते संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर, निघायचं तर आत्ताच, हेही सांगितलं. ते निघाले. जाताना बाईंनी माझा हात क्षणभर हातात धरला.

चार वर्षांपूर्वी हीच गोष्ट मी अशी सांगायचे: "केव्ह क्लोज. गो अजिंठा. कम टुमॉरो." माणसं बघायची आणि गप्प निघून जायची. चूक कुठं होतेय ते कळायला मला वर्ष लागलं. आपल्या 'उद्या या'मधला मान त्या 'या'तच असतो. 'ये' न म्हणता 'या' म्हटलं की झालं. इंग्रजीत पोरालाही 'यू' आणि आजोबांनाही 'यू', आणि 'कम'ला 'या'सारखं वेगळं रूपच नाही. मग तो मान ठेवायचा कुठं? तर 'कुड यू', 'वुड यू लाइक टु', 'यू माइट वॉन्ट टु' असल्या शब्दांत. माझ्या मनात 'उद्या या हं' असायचं आणि त्यांच्या कानावर हुकूम पडायचा. त्या पाहुण्यांची आठवण झाली की मला अजूनही वाईट वाटतं.

हे सगळं आज लिहायला बसले ते चुलत बहिणीच्या फोनमुळे. ती कन्नड गावात असते, बीकॉम झाली, परवा मुलाखत होती. "अक्का, त्यांनी इंग्रजीत विचारलं आन् मला तोंडच उघडंना. सगळं येत होतं गं मला." आणि रडायलाच लागली. मग म्हणाली, "तू कोणता क्लास लावला होता?" क्लास नव्हता लावला. फोनवर मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते, उद्या तिला वाचून दाखवीन.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. त्या सुरुवातीच्या तुकड्यांतली मी. म्हणजे बारा वर्षं इंग्रजी शिकले, आणि बारा वर्षांत उभं राहून बोलले एकदाच. सातवीत. 'व्हिलेज' चुकलं, वर्ग हसला, शिकवणारेही हसले. पुढं पाच वर्षं मी फक्त गाइडातली उत्तरं लिहिली. तिला तोंड उघडेना, ते मला म्हणूनच कळतं. येत नाही म्हणून तोंड बंद राहत नाही, कुणी हसेल म्हणून राहतं.

आणि मग मला माझी माणसं आठवतात. आजोबा निजामाच्या राज्यात शाळेत गेले. तेव्हा वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं तेव्हा आजोबा तेरा वर्षांचे होते, पण उर्दू त्यांच्याकडून कधी गेली नाही. जुने कागद घेऊन लोक त्यांच्याकडे वाचून घ्यायला यायचे. आजीनं तर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण खुलताबादच्या बाजारात बांगड्या भरता भरता ती दखनीत तासभर बोलायची, भाव करायची, लेकीबाळींची चौकशी करायची. तिचं व्याकरण कुणी तपासलं नाही. तिला बांगड्या हव्या होत्या आणि समोरच्या बाईला गिऱ्हाईक, त्यातूनच ती भाषा आली. दुसरी भाषा आपल्या घरात नवी नाहीच. इंग्रजीलाही असंच काम द्यावं लागतं.

मी काम दिलं ते स्वयंपाकघरात. हात जे करतायत ते तोंडानं इंग्रजीत बोलायचं, मोठ्यानं, कुणी ऐको न ऐको. आय ॲम वॉशिंग द राइस. आय ॲम लुकिंग फॉर द लिड. झाकणाला काय म्हणतात ते अडलं की त्याच दिवशी शोधायचं, आणि असा अडून शोधलेला शब्द विसरत नाही. सुरुवातीला दहा मिनिटं. मनातल्या मनात बोलण्याचा उपयोग नाही, जीभ वळली पाहिजे.

मग 'मला'ची भानगड. मराठीत आपण किती गोष्टी 'मला'नं सांगतो! मला थंडी वाजते, मला भूक लागली, मला आठवतं, मला आवडतं. इंग्रजीत यातल्या बहुतेक ठिकाणी 'आय' पुढं येतो: आय ॲम कोल्ड, आय ॲम हंग्री, आय रिमेंबर. (आणि 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे सर्दी झालीय, थंडी नव्हे. पाहुण्यानं असं म्हटल्यावर मी चादर दिली होती, त्याला वाफ हवी होती.) शब्दाला शब्द लावून हे जमत नाही. अशी वाक्यं अख्खी उचलायची, जोडीनं पाठ करायची.

'अ' आणि 'द' कुठं लावायचं हे मला कोणत्याही नियमानं समजलं नव्हतं, ते आजीच्या गोष्टीनं समजलं. एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या. पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. देअर वॉज अ किंग. द किंग हॅड टू क्वीन्स. 'एक' म्हणावंसं वाटलं तर 'अ', 'तो, ती, ते' म्हणावंसं वाटलं तर 'द'. सगळीकडे चालत नाही. गोदावरीला पहिल्यांदाच 'द' लागतो, तसलं पाठच करावं लागतं. पण निम्म्याहून जास्त भीती माझी इथंच गेली.

कर्मणी प्रयोग शिकवला कैलासानं. सोळा नंबरचं लेणं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, एकाच खडकात, कळसाकडून पायाकडं कोरत आणलेलं. पाहुणे विचारायचे, आणि कोरणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक? म्हणून वाक्य असं करावं लागायचं: इट वॉज कार्व्ड फ्रॉम टॉप टु बॉटम. हे एक वाक्य शंभरदा बोलले असेन. मग त्याच साच्यात बाकीची क्रियापदं घालत गेले: वॉज बिल्ट, वॉज ब्रोकन, वॉज पेंटेड. शाळेत याच धड्याला मला चार मार्क पडले होते.

उच्चाराचं थोडक्यात. 'केव्ह'च्या शेवटी खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, 'वॉटर'ला दोन्ही ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. आरसा घेऊन आठ दिवस करायचं. दुसरं, आपण प्रत्येक अक्षर सारख्या जोरानं म्हणतो. इंग्रजी शब्दात एका जागी टाळ वाजतो आणि बाकीचं दबतं. 'हॉटेल'ला तो शेवटच्या अर्ध्यावर, 'डेव्हलप'ला मधल्यावर. आई भजनी मंडळात आहे, तिच्या टाळावर मी हे शब्द घोकले. फोनवर बातम्या पाऊणपट वेगानं लावायच्या, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच म्हणून रेकॉर्ड करायचं. आपलाच आवाज ऐकायला पहिले काही दिवस जड जातं. तरी ऐकायचा.

जुन्या लग्नपत्रिका टाकू नयेत. पाठीमागची कोरी बाजू कापून मी चिठ्ठ्या केल्या, एका अंगाला मराठी वाक्य, दुसऱ्या अंगाला इंग्रजी. तीन डबे: रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. बरोबर आलं तर चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं तर परत रोजच्यात. ही युक्ती सेबॅस्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकारानं १९७२ मध्ये मांडली, असं नंतर वाचलं. सुटा शब्द चिठ्ठीवर लिहायचा नाही, वाक्यच लिहायचं.

पण धाकटीला सगळ्यात आधी एवढंच सांगणार आहे: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ बिट मोअर स्लोली?" हे वाक्य झोपेतही म्हणता आलं पाहिजे. हे असलं की समोरचा दुसऱ्यांदा बोलतो, आणि तेवढ्यात आपला श्वास परत येतो. आणि दुसरं म्हणजे, माझ्या काउंटरवर येणारे जपानी, कोरियन, थाई, स्पॅनिश, यांतल्या बहुतेकांची इंग्रजी ही शिकलेलीच भाषा असते. आजच्या बाई 'यस्टरडे' आठवायला थांबल्या होत्या. मी थांबले. मग त्याही माझ्यासाठी थांबल्या.

आत्ता हे लिहीत असतानाच तिचा आवाजी मेसेज आला. फोनवर मी एवढंच म्हटलं होतं, रात्रीच्या भाकरी करताना बोलून बघ. "आय ॲम मेकिंग भाकरी. आय ॲम पुटिंग वॉटर ऑन इट. नाउ आय ॲम टर्निंग इट." मग थांबली. "अक्का, टम्म फुगलीला काय म्हणू?" मी लिहिलं, इट पफ्ड अप. दोन मिनिटांनी दुसरा मेसेज, सगळं पहिल्यापासून, शेवटी 'इट पफ्ड अप'सकट, आणि मागून काकूंचा आवाज: "कोणाशी बोलू राहिली गं?"