विहिरीवर राहिलेली घागर

रात्री उशाशी पाण्याची बाटली ठेवायची मला सवय आहे. रोज तहान लागतेच असं नाही, पण बाटली नसली की हमखास लागते. सकाळी उरलेलं पाणी ओतायचं, संध्याकाळी नवं भरायचं. इतक्या वर्षांत बाटली एकदा भरली आणि काम संपलं, असं काही झालेलं नाही.

म्हणूनच बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाशी मी अडखळायचो. मी देईन ते पाणी जो पिईल त्याला पुन्हा कधी तहान लागणार नाही, असं येशू तिथे सांगतो. माझ्या घशाला तर रविवारची उपासना आटोपल्यावर सोमवार दुपारपर्यंतच कोरड पडायची. चिडचिड, हेवा, उद्याची काळजी, सगळं जागच्या जागी. पलीकडच्या बाकावरची माणसं मात्र तृप्त दिसायची. (माझ्याकडे पाहून त्यांनाही तसंच वाटत असेल, हे सुचायला फार वर्षं गेली.)

प्रसंग तसा साधा. भर दुपारी चालून दमलेला येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसलाय. ती विहीर आजही आहे, पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसजवळ, एका ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात. एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यामुळे यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईकडे पाणी मागावं, याचंच तिला नवल. वर तो जिवंत पाणी द्यायची भाषा करतो. बाई व्यवहारी आहे. विहीर खोल, तुमच्याजवळ तर पोहराही नाही, असं ती सरळ ऐकवते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे उलटंच, आड भरलेला आणि पोहऱ्याचा पत्ता नाही. मग ती म्हणते, ते पाणी मला द्याच, म्हणजे इथवर खेपा घालायला नकोत. हे वाक्य मला फार आवडतं. माझीही मागणी नेमकी हीच होती: खेप चुकवा.

पुढे कधीतरी कळलं की मूळ ग्रीकमध्ये इथे दोन वेगळे शब्द आहेत. बाई जिला खोल म्हणते ती 'फ्रेआर', म्हणजे खणलेली विहीर. येशू जे द्यायचं म्हणतो ते 'पेगे', म्हणजे झरा. इतकी वर्षं मी त्याच्यापुढे बाटली धरून उभा होतो आणि तो झऱ्याबद्दल बोलत होता. भरलेली बाटली मोजता येते, कालच्यापेक्षा कमी की जास्त हे बघता येतं. झऱ्यातलं पाणी साठवून ठेवता येत नाही. ओंजळ रोजच धरावी लागते, आणि तो काही झऱ्याचा दोष नव्हे.

स्पेनमधल्या आविलाची संत तेरेसा (1515–1582) प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा देते. आधी पोहऱ्याने ओढून, मग रहाटाने, मग वाहत्या प्रवाहाने आणि शेवटी पावसाने. यातला पोहरा मला जवळचा वाटतो. कारण ती कबूल करते की पुष्कळदा पोहरा आत सोडावा तर विहीर कोरडीच. तरी माळ्याने बागेतच थांबावं, म्हणते. संतांनी असं काही सांगितलं की जरा धीर येतो.

आणि त्या दुपारी खुद्द येशूच तहानलेला होता. त्याला पाणी मिळालं की नाही, योहान सांगत नाही. पुढे एकोणिसाव्या अध्यायात, वधस्तंभावर, तो पुन्हा तहान लागल्याचं म्हणतो. हे वाचल्यापासून सोमवारच्या कोरडीची मला तितकी लाज वाटत नाही. मी फक्त ती घेऊन त्याच्याकडे जातो.

बोलता बोलता ती बाई घागर तिथेच टाकून गावाकडे धावली. तिचं ऐकून लोक आले, त्यांनी आग्रह केला आणि तो दोन दिवस त्यांच्याकडे राहिला. घागरीचं पुढे काय झालं, याचा उल्लेख नाही. पण दोन दिवस पाहुणे म्हणजे घरात पाणी लागलंच असणार. ती परत आली असेल घागर न्यायला, बहुधा ऊन उतरल्यावर, चार बायकांबरोबर.