चाळीसच्या चाळीस

शिवनेरीच्या पायथ्याहून लेण्याद्रीकडे गाडी निघाली तेव्हा मोजणीत आमची चाळीसच्या चाळीस मुलं होती. एकही आसन रिकामं नव्हतं. आणि तरी आमचा एक मुलगा गडावर राहिला होता. हे कसं घडलं ते आता कळलंय, पण महिना होऊन गेला तरी डोक्यातून जात नाही.

सहल म्हटली की लोकांना गड, डबे आणि अंताक्षरी दिसते. आमची सहल दिवाळीआधीच सुरू होते: पालकांची संमतीपत्रं, शिक्षण विभागाची परवानगी, आगारात प्रासंगिक कराराचा, म्हणजे अख्खी एसटी भाड्याने घेण्याचा अर्ज. शाळांना एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे डिसेंबरात सगळ्या शाळा एकदमच आगारात धडकतात. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातली मुलं बुडाली, तेव्हापासून नियम कडक झाले. व्हायलाच हवे होते. पण मी भरलेल्या एवढ्या कागदांत मुलं मोजणार कशी, हे एकाही ठिकाणी विचारलेलं नव्हतं.

मी डोकी मोजत नाही. प्रत्येकाला नंबर देते. गाडीत चढल्यावर, उतरल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर मुलांनी ओळीने आपापला नंबर मोठ्याने म्हणायचा. मध्ये कुणी गप्प राहिलं की मोजणी तिथेच थांबते. शेजाऱ्याने "आहे तो, बाई" म्हटलेलं चालत नाही. ज्याचा नंबर त्याच्याच तोंडून आला पाहिजे. शिवाय जोड्या असतात, सतराने अठराला सांभाळायचं आणि अठराने सतराला. आठवडाभर मैदानावर सराव घेते. आणि एक नियम तर मुलांना झोपेतही म्हणता येतो: चुकलात तर आहात तिथेच बसायचं, शोधायला निघायचं नाही, बाई आल्या वाटेने परत येतील.

शिवनेरीवर चुकायची जागा ठरलेली आहे. सात दरवाजांपैकी पाचवा, शिपाई दरवाजा ओलांडला की मुख्य वाट पुढे जाते आणि उजवीकडे शिवाई देवीच्या देवळाची वाट फुटते. त्या फाट्यावर मी कायम एक शिक्षक उभा करते. उतरताना तीन-चार शाळा एकाच वेळी खाली येत होत्या, त्यात वाटेच्या मधोमध उभं राहून फोटो काढणारे पर्यटक. लहान मुलांची रांग खोळंबली आहे याचं त्यांना काही नसतं. गर्दी मोकळी करायला आमचे सर फाट्यावरून थोडे खाली सरकले. नेमका तेव्हाच सतरा नंबर देवळात विसरलेली पाण्याची बाटली आणायला माघारी वळला.

त्याच्या जोडीदाराला, अठराला, उतरताना मळमळायला लागलं होतं. खाली पोचेपर्यंत उलट्या सुरू झाल्या. मी त्याला पुढच्या आसनावर माझ्याजवळ घेऊन बसले. मोजणी नव्या सरांनी केली. माणूस मनापासून काम करणारा आहे, पण नंबर घेणं त्यांना पोरखेळ वाटतं. त्यांनी डोकी मोजली. मी "किती?" म्हणाले, ते "चाळीस" म्हणाले. मी ते मानलं. ती चूक माझीच.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढण्याआधी मी नंबर घेतले. चौदा, पंधरा, सोळा. पुढे आवाजच नाही. रांगेत पांढरा शर्ट, निळी पँट घातलेला एक मुलगा उभा होता. गणवेश हुबेहूब आमच्यासारखा. मुलगा आमचा नव्हता.

"सर म्हणाले, चला, बसा गाडीत. म्हणून बसलो," एवढंच तो बोलला. नवे सर पूर्ण वाटभर त्याच्याच शेजारी बसले होते.

त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. पिशवीतल्या स्टीलच्या डब्यावर आजीचं नाव कोरलेलं होतं, खाली गावाचं. आमच्या चालकदादांनी त्यावरून आगार ओळखलं आणि फोन फिरवले. त्याच्या शाळेची गाडी ओझरच्या वाटेला लागली होती. आपला मुलगा कमी आहे हे त्या शाळेला आमच्या फोनमुळे कळलं.

मी एका सहकाऱ्याला घेऊन जीपने मागे फिरले आणि पुन्हा गड चढले. इतक्या वर्षांत एवढी धावत कधी चढले नव्हते. सतरा देवळापाशी मांडीवर बाटली घेऊन बसला होता. एका कुटुंबाने त्याला खाली सोडतो म्हटलं होतं, तो गेला नव्हता. मला बघून रडला नाही.

"बाई, आता उठू?" असं त्याने विचारलं.

मुख्याध्यापकांनी अहवालात ‘सहल सुखरूप पार पडली’ एवढंच लिहायला सांगितलं. मी घडलेलं सगळं लिहिलं.

आमचा मुलगा माझं ऐकून जागेवर बसला आणि सापडला. तो दुसरा आमच्या सरांचं ऐकून गाडीत बसला आणि हरवला. मोठ्यांचं ऐका हे दोघांनाही आम्ही शिक्षकांनीच शिकवलेलं. पुढच्या सरावाला मुलांना नेमकं काय सांगायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही लेण्याद्रीला परतलो तोवर त्याचे शिक्षक त्याला घेऊन गेले होते. मी त्याच्याशी एकदाच बोलले होते. "तू कोण?" म्हणून, तेही ओरडून.