मांजराच्या केसांची रेघ

पेत्रिकिव्का गावात रंगकामाचा कुंचला मांजराच्या केसांचा करतात, हे कळल्यावर मला आधी त्या मांजराची काळजी वाटली. पण केस लागतात चिमूटभरच. ते काडीला दोऱ्यानं घट्ट बांधले की झाला कुंचला. केस मऊ, टोकाला निमुळते, त्यामुळे जाड सुरू झालेली रेघ एकाच ओढीत सुतासारखी बारीक होऊन संपते. ती रेघ म्हणजेच पाकळी. आधी पेन्सिलीनं गिरवायचं नाही, पट्टी-कंपास नाही. कलिनाच्या झुडपाची लाल फळं काढायला तर कुंचलाही नको. रंगात बोट बुडवून टेकवायचं.

हे युक्रेनमधलं गाव द्निप्रो शहराच्या वायव्येला, नीपर नदीच्या डाव्या तीराकडच्या सपाट मुलखात, चाप्लिंका नावाच्या छोट्या नदीच्या काठी आहे. गवताळ स्तेपचा हा प्रदेश. सुपीक काळी माती हवी तितकी, लाकूड मात्र बेताचंच. म्हणून जुनी घरं कुडाची. काटक्यांवर माती आणि पेंढ्याचा गिलावा, वरून सफेदी. कोकणात ज्यांनी कुडाच्या भिंती लिंपल्यात, त्यांना त्या बायकांच्या हाताला कसला वास येत असेल हे सांगायला नको.

आणि अशी कोरी पांढरी भिंत समोर आली की बोटं शिवशिवणारच. चुलीभोवती, खिडक्यांभोवती फुलं उमलू लागली. रंग घरचेच: फळांचा रस, पानं-पाकळ्या, आणि ते धरून ठेवायला अंड्याचा बलक. ईस्टर जवळ आला की घराला पुन्हा पांढरा हात, आणि फुलं पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला पुसलं जाणार हे ठाऊक असून इतकं जीव ओतून काढणाऱ्या त्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं. (माझ्या घरच्या भिंतीवर साधा खिळा ठोकायचा तरी आठवडाभर चर्चा चालते.)

गावाचा इतिहास सांगताना 1772 हे साल येतं. झापोरोझ्ये कझाकांचा, म्हणजे नीपरकाठच्या स्वतंत्र लढवय्यांचा, शेवटचा सरदार पेत्रो काल्निशेव्हस्की यानं त्या वर्षी शेजारच्या कुरिलिव्का गावातलं चर्च इथं हलवायला मान्यता दिली. तिकडं नीपरच्या पुराचा त्रास होता. तीनच वर्षांनी रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीननं कझाकांचं ठाणं मोडलं आणि म्हाताऱ्या काल्निशेव्हस्कीला पार उत्तरेकडच्या सोलोव्हेत्स्की मठात कोंडलं. 1801 मध्ये सुटका झाली, तरी तो मठातच राहिला आणि 1803 मध्ये वारला, 112 वर्षांचा होऊन, असं सांगतात.

कझाकांचं राज्य गेलं, पण पेत्रिकिव्का कुणा जमीनदाराच्या दावणीला बांधलं गेलं नाही. आजूबाजूचे शेतकरी 1861 पर्यंत भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले वेठीचे शेतकरी होते, इथले सरकारी रयत. मला वाटतं, फुलांचं मूळ इथंच आहे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेल्या बाईला चुलीवर फुलं काढायचं त्राण कुठून राहणार? इथल्या बायकांनी भिंतींवरून कागदांवर उडी घेतली आणि ते कागद जत्रेत विकून चार पैसेही मिळवले.

सफेदीखाली गेलेल्या भिंती कशा होत्या, हे आज थोडंफार कळतं ते इतिहासकार द्मित्रो यावोर्नित्स्की यांच्यामुळे. 1910 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी येव्हहेनिया एव्हेनबाख या चित्रकर्तीकडून गावातल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. पुढं 1930 च्या दशकात इथं या चित्रकलेची शाळा निघाली आणि तेतियाना पाता या गावच्याच बाई शिकवायला बसल्या. 1932-33 चा भीषण दुष्काळ, सोव्हिएत सरकारनं लादलेला, तेव्हा नुकताच युक्रेनची खेडी उजाड करून गेला होता. त्यानंतर पोरांना फुलं काढायला शिकवायचं, याला काय म्हणावं?

नंतर कारखाना आला, काळ्या चकचकीत लॅकरवरच्या ताटल्या आणि डबे आले. ते मला आवडत नाहीत. तिथं फुलं दागिन्यांसारखी दिसतात. 2013 मध्ये युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, हे चांगलंच झालं. गावातली मुलं ती अजून शिकतात, आणि पांढऱ्या कागदावर शिकतात, हे मला जास्त आवडतं.