तर्री सोडा म्हणालीच नाही

लेस्टरला येऊन मला सहावं वर्ष. इंग्लंडमध्ये 40 ते 74 वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी तपासणीचं बोलावणं येतं, आपल्या भागातल्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातून. या खेपेला माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज, आलं 44. आईला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच, "चव्वेचाळीस? मायबाई!" तिला समजवावं लागलं की इथे तो आकडा टक्क्यांत देत नाहीत, नागपूरच्या लॅबच्या हिशेबानं 6.2 धरायचा. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 24. गोऱ्या बाईला चालला असता, आपल्या लोकांसाठी मात्र रेघ 23 वरच ओढलेली. वजनकाट्यानंही माणूस बघून बोलावं याचा थोडा रागच आला.

आता तक्ता मिळणार, असं मी धरूनच चालले होते. बाबांना नागपुरात मिळाला होता: भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, आंबा बंद. तो सात वर्षांपासून फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे. त्याच्या कोपऱ्यावर तर्रीचा डाग आहे.

नर्सनं तक्ता दिलाच नाही. काल दिवसभरात काय खाल्लं ते विचारलं, आणि मग, "यातलं काय सोडणं जिवावर येईल?" मी तर्री-पोहे म्हटलं. पोह्यांवर चण्याचा तिखटजाळ रस्सा ओततात आणि वर तेल तरंगतं, हे तिला सांगण्यात वीसपैकी पाच मिनिटं गेली. "मग ते राहू द्या. सोपं काय वाटतं?"

चहा. चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. हे माझ्याच तोंडून निघालं.

"अर्ध्यावर आणाल याची दहापैकी किती खात्री?" मी म्हटलं सहा. मला वाटलं, आता विचारेल दहा का नाही. तर म्हणाली, "चार का नाही?" आणि मीच तिला पटवत बसले, मला कसं जमेल ते! या पद्धतीला म्हणे प्रेरक मुलाखत म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती 1983 मध्ये मांडली, दारू सुटत नाही अशा लोकांसाठी. असो, चहातही काही वेगळं नसतं. माझे तीन कप सुधारलेत, संध्याकाळचा अजून नाही.

दिवाळीत घरी आले तर कामाच्या मावशी सांगत होत्या, त्यांच्या वस्तीत आशाताई टेप घेऊन आली होती. तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरते, कंबर मोजते. बाईची 80 सेंटीमीटरच्या वर गेली की धोक्याचे गुण चढतात. "ओरडली नाही जी," मावशी म्हणाल्या, "महिन्याला तेल किती आणता तेवढं विचारलं. मीच म्हटलं, एक पिशवी कमी करतो." ना ट्रेनिंगचं नाव, ना मिलर.

मग मीही बाबांवर प्रयोग केला. रविवारी सकाळी, पोह्यांच्या ठेल्यावर.

"बाबा, तुमच्या खाण्यातलं काय सोडणं सोपं जाईल?"

"काऊन, तू काय डॉक्टरकी करून राहिली?" त्यांनी प्लेट पुढे केली, ठेलेवाल्यानं आणखी एक पळी तर्री ओतली. "आजचं सोडणं सोपं नाही. उद्याचं सोडतो."

"दहापैकी किती खात्री?"

"दहा," बाबा म्हणाले.